हद्दीचे तंटे, शेताचे व घराचे

हद्दीचे तंटे, शेताचे व घराचे : लगतच्या दोन जमीनधारकांमध्ये बांध, कुंपण, भिंत, वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा पाट यांच्या नेमक्या जागेविषयी उद्भवणारे वाद. दोन गावांच्या शिवेचा वाद आणि दोन शेतांच्या बांधाचा वाद यांत विस्ताराचा फरक असला, तरी त्यांची निर्णयपद्धती प्राचीन काळापासून जवळजवळ एकच राहिली आहे. खुणा पाहाव्यात, जाणत्या शेजाऱ्यांना विचारावे, कागद असल्यास तो वाचावा आणि एवढ्याने निर्णय न झाल्यास शपथ किंवा राजाज्ञा यांवर भिस्त ठेवावी, हा तिचा सर्वसाधारण क्रम होय. महाराष्ट्रातील या तंट्यांचा इतिहास म्हणजे यांपैकी कोणत्या साधनावर कोणत्या काळी किती विश्वास ठेवला गेला, याचा इतिहास होय.

हद्दीला प्रदेशपरत्वे निरनिराळी नावे आहेत. देशावर बांध, विदर्भात धुरा, कोकणात व गोव्यात भातखाचराच्या बाबतीत मेर, हे शब्द रूढ आहेत. गावाची हद्द ती शीव आणि शिवेच्या आतील लागवडीचा प्रदेश तो शिवार. कुंपणाचे प्रकारही जमिनीच्या गुणाप्रमाणे बदलतात. कोकणात जांभ्या दगडाचा किंवा निवडून काढलेल्या धोंड्यांचा गडगा आणि काट्याकुट्यांची वई आढळते; पठारावर निवडुंग, शेर, मोगली एरंड, चिलार, घायपात यांची जिवंत कुंपणे किंवा बाभळीच्या फांद्या रोवून केलेले कुंपण आढळते. गडगा हलविणे कष्टाचे असते व हलविल्याची खूण राहते. मातीचा बांध मात्र नांगराच्या प्रत्येक फेरीला उघडा असतो. त्यामुळे गडग्याच्या मुलुखात तंटा बहुधा वाटेचा किंवा गडग्यालगतच्या झाडाचा, तर काळ्या जमिनीच्या मुलुखात तो बांधाच्या रुंदीचा असतो. जिवंत कुंपण दोहोंच्या मधले आहे. ते कोणी सरकवीत नाही. पण दरवर्षी आपोआप रुंदावते, मुळांनी शेजारच्या पिकाचा ओलावा ओढते आणि वीस वर्षांनी त्याचा मध्य कोठे होता, हे लावणाऱ्यालाही सांगता येत नाही.

‘बांध कोरणे’ हा शब्दप्रयोग मराठीत याच अनुभवातून आला आहे. १०० मी. लांबीच्या बांधाची दरवर्षी १५ सेंमी., म्हणजे सुमारे पाऊण वीत, माती नांगराखाली घेतली, तर वर्षाला १५ चौ. मी. जमीन सरकते. कोणाच्या डोळ्यांत भरावे एवढे हे प्रमाण नाही. बारा वर्षांत मात्र १८० चौ. मी., म्हणजे जवळजवळ पावणेदोन गुंठे, जमीन पलीकडे गेलेली असते. मुदतीच्या कायद्यात स्थावर मालमत्तेचा ताबा परत मागण्याची मर्यादा बारा वर्षांचीच आहे. जमीन गमावणाऱ्याला जाग येते ती बहुधा या मुदतीच्या अलीकडे-पलीकडे, हे अशा तंट्यांच्या कटुतेचे एक कारण होय. दुसरे कारण असे, की लगतचा धारक पुष्कळदा परका नसून एकाच वडिलोपार्जित शेताच्या वाटणीतून शेजारी झालेला भाऊबंद असतो.

धर्मशास्त्रातील विचार : सीमाविवाद हे मनूने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी एक आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्याचे जे विवेचन आहे, ते शेतीची प्रत्यक्ष माहिती असलेल्या माणसाचे वाटते. सीमेचा निर्णय ज्येष्ठ महिन्यात करावा, असे तेथे सांगितले आहे. कारण त्या वेळी गवत वाळलेले असून खुणा स्पष्ट दिसतात. पेरणीपूर्वी रान मोकळे असताना मोजणी उरकण्याची आजची धडपड याच कारणाने होते. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सावर, ताड यांसारखे दीर्घायुषी वा चिकाचे वृक्ष लावावेत. बांबू, शमी, वेली व मातीचे उंचवटे यांनीही ती दाखवावी. तळी, विहिरी व देवालये सीमासंधीवर बांधावीत, असा आदेश आहे. ही उघड चिन्हे नाहीशी होतात किंवा केली जातात, म्हणून गुप्त चिन्हेही सांगितली आहेत. दगड, हाडे, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, वाळलेले शेण, विटा, कोळसे, खडे, वाळू असे जे जे पदार्थ जमीन लवकर खात नाही, ते सांध्यावर पुरून ठेवावेत. यांपैकी कोळसा व खापरी यांचे महत्त्व उत्खनन करणाऱ्या आधुनिक संशोधकाला वेगळे सांगावयास नको.

चिन्हांवरून निर्णय न झाल्यास साक्षीदार. त्यांनी डोक्यावर माती घेऊन, माळा व तांबडी वस्त्रे धारण करून, आपल्या पुण्याची शपथ घेऊन सीमा दाखवावी. गावचे साक्षी नसतील, तर चार बाजूंच्या गावांतील शेजारी. तेही नसतील, तर पारधी, गुराखी, कोळी, कंदमुळे खणणारे, गारुडी, सरवा वेचणारे व रानात हिंडणारे लोक यांना विचारावे. जमिनीची मालकी ज्यांना कधी मिळाली नाही, अशा लोकांच्या ज्ञानावर जमिनीच्या मालकीचा निर्णय सोपविण्याची ही तरतूद लक्षणीय आहे. तिचा मराठी मुलखातील अवशेष पुढे महार वतनदाराच्या कामात दिसतो. खोटी साक्ष देणाऱ्या प्रत्येकास दोनशे पण दंड होता. धाक घालून शेत बळकावणाऱ्यास पाचशे पण, तर अजाणता तसे करणाऱ्यास दोनशे पण. काहीच ठरेना, तर राजाने स्वतः सीमा घालून द्यावी.

कुंपणाविषयीचा मनूचा नियम तर आजही शेतकऱ्याला पटेल असा आहे. गावाच्या कुरणालगतच्या शेताला इतके उंच कुंपण घालावे, की उंटाला त्यावरून दिसू नये आणि त्यात कुत्र्याचे वा डुकराचे तोंड शिरेल एवढेही छिद्र असू नये. असे कुंपण नसलेल्या शेतात गुरे शिरल्यास गुराख्याला दंड नाही. म्हणजे कुंपण घालणे हा धारकाचा केवळ हक्क नसून, काही ठिकाणी ते त्याचे कर्तव्यही होते.

याज्ञवल्क्यस्मृतीत सामाईक मर्यादा फोडणे, सीमा ओलांडणे व शेत हरण करणे या तीन अपराधांना अनुक्रमे अधम, उत्तम व मध्यम दंड सांगितला आहे. सीमा ओलांडण्यास सर्वांत जड दंड ठेवलेला आहे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण उघड दांडगाईपेक्षा शांतपणे केलेले अतिक्रमण उलगडणे अवघड असते, ही जाणीव त्यामागे असावी. या स्मृतीवरील मिताक्षरा ही प्रसिद्ध टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या (सध्याचे कर्नाटकातील बसवकल्याण) चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयाने लिहिली. मराठी प्रदेशात पुढे जी निर्णयपद्धती रूढ झाली, तिचा शास्त्राधार बहुतांशी हाच. देशसीमा, ग्रामसीमा, क्षेत्रसीमा व गृहसीमा असे सीमेचे चार प्रकार तीत आले असून, वृक्षांनी, पाण्याने, पुरलेल्या वस्तूंनी, परस्परसंमतीने व राजाज्ञेने ठरलेली असे तिचे आणखी पाच प्रकार नारदाच्या आधारे दिले आहेत. विश्वासू असला तरी एकट्या माणसाने सीमा ठरवू नये. मात्र दोन्ही पक्षांना संमत असलेला एकही चालेल, अशी व्यवस्था आहे. सीमा चालून दाखविणाऱ्यावर तीन पंधरवड्यांच्या आत दैवी वा राजकीय आपत्ती आली नाही, तर त्याची साक्ष खरी मानीत. कात्यायनाने दोन शेतांच्या सीमेवर उगवलेल्या झाडाची फुले-फळे दोघांची समाईक मानली आहेत. बांधावरच्या आंब्याचे वाद पाहता हा नियम व्यवहारात सर्वमान्य झाला, असे मात्र म्हणता येत नाही.

मध्ययुग व मराठा अंमल : शिलाहार व यादव काळातील दानपत्रांत दिलेल्या जमिनीचे आघाट, म्हणजे चतुःसीमा, काळजीपूर्वक नोंदलेल्या असतात. पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमुक गावची शीव, अशी त्यांची धाटणी असते. शिलालेखांखाली गाढवाची आकृती कोरून शापवचन लिहिलेले गधेगाळ कोकणात व देशावर अनेक ठिकाणी सापडतात. दानभूमीला हात लावणाऱ्याला उद्देशून ते आहे. शासनाचा हात जेथे पोहोचत नव्हता, तेथे लज्जा व भय यांनी जमिनीचे रक्षण करण्याचा हा उपाय होय.

मराठा काळात गावची जमीन ‘काळी’ व वस्ती ‘पांढरी’ अशी विभागलेली असे. शिवकालात अण्णाजी दत्तो याने केलेल्या जमाबंदीत पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांच्या चौरसाचा बिघा व १२० बिघ्यांचा चावर ही मापे ठरविण्यात आली; पण ही मोजणी साऱ्यासाठी होती, बांधाची जागा कागदावर निश्चित करण्यासाठी नव्हती. मिरासदारांच्या शेतांना थळे म्हणत व थळझाड्यात त्यांची नावे, धारक व प्रमाण येई. थळाची हद्द कोठून कोठवर, हे कागदापेक्षा गावाच्या स्मरणात असे.

तंटा निघाला म्हणजे तो प्रथम गोतापुढे जाई. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार व आसपासच्या गावचे वतनदार, आणि मोठ्या तंट्यात परगण्याचे देशमुख-देशपांडे, यांची मजालस बसे. वादी-प्रतिवादींच्या तक्रिरी घेत. गोताचा निर्णय मान्य करू, असा कतबा त्यांच्याकडून लिहून घेत. साक्षीमोझे होऊन महजर तयार होई व त्यावर उपस्थितांच्या निशाण्या होत. पाटलाची निशाणी नांगर व कुलकर्ण्याची लेखणी, तशी प्रत्येक बलुतेदाराची त्याच्या हत्याराची. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारात जमा होई. शिक्षा माफक असली, तरी वादाचा खर्च दोघांनाही पडे, हे या पद्धतीचे एक वैशिष्ट्य होते. साक्षीदाराला बेलभंडार उचलावयास लावीत किंवा माहुलीसारख्या संगमावर नदीत उभे करून साक्ष घेत. तेवढ्यानेही निकाल न लागला, तर दिव्याचा आश्रय केला जाई. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढावयाचा असे. नंतर हात पिशवीत बांधून त्यावर मोहोर करीत व काही दिवसांनी सर्वांदेखत तो सोडून पाहत (पहा : दिव्य). वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या ग्रंथात (१९५३) अशा महजरांचा विस्तृत अभ्यास केला आहे.

शिवेच्या वादात महाराच्या साक्षीला विशेष मोल होते. शीव राखणे, वाटसरूला ती दाखविणे, सरकारी अंमलदाराबरोबर ती फिरणे ही त्याच्या वतनाची कामे होती. त्याच्या पूर्वजांनी दाखविलेल्या खुणा त्याला तोंडपाठ असत आणि त्याने चालून दाखविलेली शीव दोन्ही गावे मान्य करीत. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, विहिरीला व देवळाला स्पर्श करण्याची मुभा नसलेल्या माणसाचा शब्द गावाच्या जमिनीविषयी मात्र अखेरचा मानावयाचा, ही त्या समाजरचनेतील विसंगती होती. तिचा गौरव करणाऱ्या अनेक लेखकांनी त्या श्रमाचा मोबदला किती तुटपुंजा होता, याकडे दुर्लक्ष केले आहे. डॉ. भी. रा. आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वेठीविरुद्धच होते. मुंबई कनिष्ठ गाववतने नाहीशी करण्याच्या १९५८ च्या अधिनियमान्वये १ ऑगस्ट १९५९ पासून ही वतने संपली. तोपर्यंत शिवेचे ज्ञान माणसाच्या स्मरणातून सरकारी दप्तरात गेलेले होते.

सीमेभोवतीचे विधीही याच ज्ञानाचे वाहक होते. दसऱ्याचे सीमोल्लंघन, लग्नात वराचे सीमांतपूजन, शिवेवरचा म्हसोबा वा मारुती यांमुळे वर्षातून काही वेळा तरी गाव शिवेपर्यंत जाऊन येई. शेताच्या बांधाला असा विधी क्वचितच लाभला.

साखळी मोजणी : १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टनने पंचायती चालू ठेवण्याचे धोरण स्वीकारले, पण १८२७ च्या विनियमांनी नियमित न्यायालये आली व गोताचे निवाडे मागे पडले. त्याच सुमारास आर्. के. प्रिंगल याने पुणे भागात सुरू केलेली मोजणी व आकारणी फसली. तिच्या चुकांतून धडा घेऊन १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवे काम हाती घेतले. १८४७ च्या त्यांच्या व डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालाने या पद्धतीला स्थिर रूप आले. १८६५ च्या कायद्याने तिला कायद्याचा आधार मिळाला आणि १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमात ती समाविष्ट झाली.

या पद्धतीचा घटक सर्व्हे नंबर हा होता. धारकाने आपला नंबर सोडावा वा नवा घ्यावा, अशी मुभा असल्याने प्रत्येक नंबरची हद्द जमिनीवर कायमची दिसणे सरकारला आवश्यक होते. म्हणून कोपऱ्यांवर दगड व मातीचे उंचवटे आणि कडेने न नांगरलेली पट्टी ठेवण्याची सक्ती आली; खुणांची दुरुस्ती धारकावर टाकण्यात आली व त्या मोडणाऱ्यास दंड ठरला. मोजणीला ३३ फुटी साखळी वापरीत. तिचे सोळा आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे १,०८९ चौ. फूट हा एक गुंठा व चाळीस गुंठ्यांचा एक एकर. मोजणीदार शेतातून एक पायारेषा टाकी व तिच्यापासून प्रत्येक वळणापर्यंतचे लंब मोजून आकृतीसह टिपणात मांडी. या टिपणांच्या आधारे गावनकाशा तयार होई. साखळीचा एक आणा दोन फुटांहून किंचित अधिक भरतो, ही गोष्ट विसरता कामा नये. कारण पुढे ज्या अंतरांवरून खून-मारामारीपर्यंत वाद गेले, ती अंतरे पुष्कळदा याच एककाच्या आसपासची आहेत. नकाशाची स्थिती याहून नाजूक. आठ इंचांस एक मैल या प्रमाणावरील गावनकाशात इंचाच्या पन्नासाव्या भागाएवढी जाड रेघ जमिनीवर तेरा फुटांहून अधिक जागा व्यापते. म्हणून हद्द ठरविताना नकाशापेक्षा टिपण श्रेष्ठ मानण्याचा प्रघात आहे. सामान्य धारकाच्या हाती मात्र नकाशाच पडतो.

या पद्धतीत एक मोठी उणीव होती. फार लहान शेते स्वतंत्र न धरता एका नंबरात एकत्र केलेली असत. बैलजोडीच्या आवाक्याचा नंबर ठेवणे साऱ्यासाठी सोयीचे होते. परंतु त्याच्या आतील धारकांच्या हद्दी सरकारी कागदावर आल्याच नाहीत. बाहेरचे बांध दगडांनी पक्के झाले आणि भाऊबंदांमधले बांध तोंडीच राहिले. १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने, व १९१३ मध्ये त्याचा मूळ महसूल कायद्यात समावेश झाल्यावर, धारकांच्या हक्कांची नोंद होऊ लागली व त्याच्या अनुषंगाने पोटहिश्शांची मोजणी, म्हणजे फाळणी, करण्यात आली. तिच्यानंतर झालेल्या वाटण्या पुष्कळदा पुन्हा मोजल्याच गेल्या नाहीत. ‘माझ्या सातबाऱ्यावर एक एकर आहे, जागेवर अडतीस गुंठेच भरतात’, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. सातबारा उतारा क्षेत्र व धारक सांगतो, हद्दीचा आकार सांगत नाही, हे तक्रारदाराच्या ध्यानी आलेले नसते आणि दोन गुंठे शेजाऱ्यानेच घेतले असले पाहिजेत, असे तो गृहीत धरतो.

वऱ्हाडात मुंबईची मोजणीपद्धती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. नागपूर विभागात मध्य प्रांताचे व मराठवाड्यात हैदराबाद संस्थानचे (१३१७ फसली, म्हणजे १९०७ चा जमीन महसूल कायदा) निराळे कायदे होते. गोव्यात पोर्तुगीज अमलानंतर १९६८ ची जमीन महसूल संहिता लागू झाली.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९४२ च्या जमीन सुधारणा योजना कायद्यापासून मृद्‌संधारणासाठी समतल बांध घालण्याचे काम सोलापूर व इतर अवर्षणी भागांत मोठ्या प्रमाणावर झाले. हे बांध उतार पाहून घातलेले असल्याने ते धारणेच्या हद्दीशी जुळतातच असे नाही. एकाच शिवारात पाण्याचा बांध व मालकीचा बांध असे दोन बांध झाले आणि एका पिढीनंतर पहिला दुसऱ्याच्या जागी दाखविला जाऊ लागल्याची उदाहरणे उद्भवली. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याने विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडले. कल्पना उत्तम होती. पण ज्या गावांत कागदावर गट बदलला व ताबा मात्र जुन्याच जागी राहिला, तेथे दोन धारक एकमेकांच्या नावावरील जमीन कसत राहिले. तंटा नसताना तंट्याचे बीज पेरले गेले, असे याविषयी म्हणता येईल.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ (अंमल १५ ऑगस्ट १९६७) हिने राज्यातील निरनिराळे कायदे एकत्र आणले. गावांच्या, भूमापन क्रमांकांच्या व उपविभागांच्या सीमांविषयीच्या वादाचा निर्णय जिल्हाधिकाऱ्याच्या कक्षेत आणून सीमाचिन्हे राखण्याची जबाबदारी तिने धारकावर कायम ठेवली. बांधावरून शेतात जाण्याचा रस्ता देण्याचा अधिकार तिच्या १४३ व्या कलमाने तहसीलदारास आहे; अस्तित्वात असलेली वाट वा पाण्याचा प्रवाह शेजाऱ्याने अडविला असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अडथळ्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. या दोहोंत गल्लत झाल्यामुळे पुष्कळ अर्ज वर्षानुवर्षे चालून अखेर फेटाळले जातात. सरकारी हद्दखूण हलविणे हा भारतीय दंडसंहितेखाली (कलम ४३४) अपराध होता; १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे.

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात करतात. लगतच्या धारकांना नोटिसा जातात. ठरल्या दिवशी भूकरमापक प्रथम प्रत्यक्ष वहिवाट मोजतो, तिच्यावर टिपण वा फाळणीची आकृती बसवितो व हद्दीच्या खुणा दाखवितो. जबाब व पंचनामा होऊन अर्जदारास नकाशाची ‘क’ प्रत मिळते. ती अमान्य असणाऱ्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते. साखळी व शंकू यांच्या जागी फलकयंत्र, त्यानंतर इलेक्ट्रॉनिक यंत्रे व अलीकडे उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दाखविणारे रोव्हर आले असून मापन सेंटिमीटरपर्यंत सूक्ष्म झाले आहे. मूळ अभिलेख मात्र ३३ फुटी साखळीचेच आहेत. मोजणीच्या दिवशी शेजारी गैरहजर राहतो, दगड रोवला की रात्रीत उपटला जातो, आणि मोजणी झाली म्हणजे ताबा मिळाला, या समजुतीने अर्जदार कुंपण सरकवू लागताच फौजदारी उभी राहते. शेजाऱ्याने अतिक्रमण मान्य न केल्यास बहुधा दिवाणी न्यायालयाखेरीज मार्ग उरत नाही. तेथे न्यायालय आयुक्त नेमून पुन्हा मोजणी करविते. दाव्याचा खर्च वादातील पट्टीच्या किमतीहून अधिक झाल्याची उदाहरणे सामान्य आहेत. बांधाचा वाद मुलांच्या हातीही तसाच जातो.

घरांच्या हद्दी : कौटिलीय अर्थशास्त्रात शेजारच्या दोन घरांमध्ये मोकळी जागा सोडणे व सांडपाण्याची वाट यांविषयी नियम आहेत, खिडक्या, मोऱ्या व ओटे यांनी शेजाऱ्याची अडचण करू नये, असे कात्यायन सांगतो. गावठाणातील तंटे आजही याच वस्तूंवरून होतात. पागोळ्यांचे पाणी कोणाच्या जागेत पडते, यावरून भिंतीपलीकडची हातभर जागा कोणाची, हे अनुमानिण्याची जुनी रीत आहे. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम मुंबई इलाख्यास १८९१ मध्ये लागू झाला. वीस वर्षे निर्वेधपणे भोगलेला उजेड, वारा वा वाट यांचा हक्क त्याने मान्य केला. मुंबई शहराची मोजणी लॉटन याने १८६५–७२ या काळात केली. गावठाणे मात्र दीर्घकाळ मोजणीबाहेर राहिली. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने त्यांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेण्यात आले. छपरावरून काढलेल्या चित्रात भिंतीची आतली व बाहेरची कड एकच दिसत असल्यामुळे समाईक भिंतीचा प्रश्न जागेवर जाऊनच सोडवावा लागतो.

एकमेकांच्या नावावरील शेते दीर्घकाळ कसत असलेल्या धारकांसाठी महाराष्ट्र शासनाने ३ जानेवारी २०२३ रोजी सलोखा योजना जाहीर केली. किमान बारा वर्षे असा परस्पर ताबा असल्यास व तलाठी आणि मंडल अधिकारी यांच्या पंचनाम्याने तो सिद्ध झाल्यास, दोघांच्या संमतीने अदलाबदलीचा दस्त नाममात्र एक हजार रु. मुद्रांक शुल्क व एक हजार रु. नोंदणी फी घेऊन नोंदविला जातो. योजना प्रारंभी दोन वर्षांसाठी होती. तिची मुख्य अट संमतीची आहे. एक पक्ष जरी नाकबूल असला, तरी ती लागू होत नाही.